फॉल्समच्या तुरुंगातली मैफल : जॉनी कॅशची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

घरात नुकताच टर्नटेबल आला असेल आणि कंट्री संगीत कधी ऐकलंच नसेल, तर अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशच्या ‘ॲट फॉल्सम प्रिझन’पासून सुरुवात करा. हा अल्बम १९६८ च्या मे महिन्यात कोलंबिया कंपनीने काढला. त्याचं ध्वनिमुद्रण त्याच वर्षी १३ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाच्या जेवणघरात झालं. समोर बसलेले सुमारे हजार श्रोते तिथलेच कैदी होते. दोन्ही बाजू मिळून ही रेकॉर्ड सुमारे पाऊण तास चालते.

ती ऐकताना कान गाण्यांइतकेच त्या हॉलकडे लावायचे असतात. कॅशच्या गाण्यांच्या स्टुडिओतल्या आवृत्त्या भरपूर आहेत आणि त्यातल्या काही अधिक नेटक्याही आहेत. पण ते जेवणघर, नको तिथे येणारं हसू, मध्येच कैद्यांचे क्रमांक पुकारणारी तुरुंगाची सूचना हे सगळं फक्त इथे आहे. आपल्याकडे जुन्या मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या रांगेतून आलेली ‘क्या बात है’ जशी गाण्याचाच भाग होऊन जाते, तसंच इथेही समजा. म्हणून पुढे जी मांडणी आणि जी काळजी सांगतो आहे, ती हा हॉल तुमच्या खोलीत नीट उतरावा यासाठी.

कोणती प्रत घ्यावी

१९६८ ची अमेरिकन प्रत लाल लेबलवरून ओळखता येते. लेबलच्या खालच्या कडेला ‘३६० साउंड स्टीरिओ’ असं छापलेलं असतं आणि कव्हरवर सीएस ९६३९ हा क्रमांक असतो. लेबलच्या कडेने सोनेरी अक्षरांत ‘कोलंबिया’ हे नाव गोल फिरवून पुन्हापुन्हा छापलं असेल, तर ती प्रत १९७० नंतरची. ही रेकॉर्ड त्या काळी प्रचंड खपली, त्यामुळे जुन्या प्रती दुर्मीळ नाहीत. चांगल्या अवस्थेतल्या मात्र कमी. लोकांनी ती प्रेमाने आणि जड सुयांनी झिजवली आहे.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने नव्याने छापलेली प्रत घ्यावी असं माझं मत आहे. जुनी प्रत घ्यायचीच असेल तर दुकानातच कव्हरमधून बाहेर काढा आणि दिव्याखाली तिरकी धरून बघा. केसासारख्या बारीक रेघांना फार घाबरू नका, त्या बऱ्याचदा ऐकूही येत नाहीत. नख हलकेच फिरवल्यावर अडकेल अशी रेघ असेल तर ठेवून द्या. खाचा करड्या पडून चमक गेली असेल तर ती झीज असते आणि ती कुठल्याही धुण्याने जात नाही. ही झीज आधी दिसते ती लेबलजवळच्या, आतल्या खाचांत. या रेकॉर्डच्या बाबतीत तीच जागा मोलाची आहे. का, ते पुढे येईल.

एक फरक माहीत असू द्या. कॅश गाण्यांच्या मध्ये बोलतो आणि तुरुंगात बोलावं तसंच बोलतो. १९६८ च्या प्रतीत त्याचे काही शब्द ‘बीप’ने झाकले आहेत. १९९९ मध्ये अल्बम पुन्हा आला तेव्हा ते मोकळे केले गेले आणि तीन वगळलेली गाणीही जोडली गेली. त्यामुळे बीप ऐकू आला तर आपली रेकॉर्ड खराब आहे असं समजू नका.

टर्नटेबलची मांडणी

इथे घाई नको. टर्नटेबल भक्कम, न हलणाऱ्या फळीवर ठेवा आणि स्पिरिट लेव्हलने समतल आहे ना ते तपासा. मोबाइलमधल्या ॲपनेही काम भागतं. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. स्पीकरचा थरकाप सुईपर्यंत पोचतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि खालच्या स्वरांचं नुसतं गुरगुरणं होतं. या अल्बममध्ये कॅशचा साथीदार मार्शल ग्रँट याचा बास सतत चालू असतो, त्यामुळे हा दोष लगेच उघडा पडतो.

परदेशातल्या नातेवाइकाने जुना अमेरिकन टर्नटेबल दिला असेल तर आधी त्याची मोटर कुठल्या प्रकारची आहे ते बघा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेज जुळतं, पण हर्ट्झ तेच राहतात. जुन्या एसी मोटरचा वेग त्या हर्ट्झवरच ठरतो, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ होतात. कॅशचा आवाज मुळातच खर्जातला आहे, तो आणखी खाली जातो आणि नवख्याला ‘हा माणूस असाच गात असेल’ असं वाटून जातं. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळते का ते शोधावं लागतं. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरच्या नव्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

आता सुईचं वजन, म्हणजे रेकॉर्डवर पडणारा तिचा भार. काही साध्या टर्नटेबलांत ते कारखान्यातच पक्कं केलेलं असतं. तिथे हात लावायचा नाही. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागे फिरवता येणारं काउंटरवेट असेल तर आधी आर्म हवेत समतोल तरंगेल इतपत ते फिरवा, मग आकड्यांची चकती शून्यावर आणा, आणि त्यानंतर कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या छोट्या ठोकळ्याच्या) माहितीपत्रकात सांगितलेल्या वजनापर्यंत न्या. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना साधारण दीड ते दोन ग्रॅम लागतात. उदाहरणार्थ, ऑर्टोफॉन टू-एम रेडला १.८ आणि ऑडिओ-टेक्निका व्हीएम-९५-ईला २. रेकॉर्ड जपायची म्हणून वजन मुद्दाम कमी ठेवणारे लोक असतात. त्याने उलटच होतं. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उडते आणि भिंतींवर आपटत जाते. अँटी-स्केट, म्हणजे आर्मच्या आत ओढले जाण्याला तोल देणारी कळ, वजनाच्याच आकड्यावर ठेवून सुरुवात करा. सूटकेससारखे मिळणारे स्वस्त प्लेयर मात्र टाळा. त्यांची सुई बहुधा बरीच जड बसते.

रेकॉर्डवर खालचे स्वर मुद्दाम दाबून आणि वरचे उचलून कोरलेले असतात, नाहीतर खाचा फार रुंद झाल्या असत्या. वाजवताना हे उलटं करण्याचं काम फोनो प्रीअँप करतो, शिवाय कार्ट्रिजचा अगदी क्षीण सिग्नल तो वाढवतो. तो काही टर्नटेबलांत आतच असतो, काही ॲम्प्लिफायरमध्ये ‘फोनो’ नावाच्या जागी, नाहीतर वेगळा घ्यावा लागतो. दोन्हीकडे असेल तर एकच चालू ठेवा. आवाज पातळ, पत्र्यासारखा आणि फार हळू येत असेल तर प्रीअँप मध्ये नाही. फुटका, घोंगावणारा येत असेल तर दोन प्रीअँप एकापुढे एक लागले आहेत. सतत ‘हम्म’ येत असेल तर अर्थची बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडायची राहिली आहे.

शेवटच्या गाण्यासाठी एक कागद

रेकॉर्ड कायम एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ येईपर्यंत ते अंतर २० च्या आसपास येतं. तेवढाच आवाज कमी जागेत दाटीने बसवलेला असतो. त्यामुळे प्रत्येक बाजूचा शेवट सुईसाठी अवघड असतो. ‘स’, ‘श’ असे वर्ण फसफसतात आणि टाळ्यांचा चुरा होतो.

या अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर नऊ गाणी आहेत आणि सगळ्यात आतल्या खाचांत येतं ते ‘ग्रेस्टोन चॅपल’. संपूर्ण मैफल ज्या गाण्याकडे चालत जाते, ते रेकॉर्डच्या सगळ्यात कठीण जागी आहे. म्हणून कार्ट्रिज नीट जुळवून घेणं इथे खरोखर गरजेचं आहे.

त्यासाठी प्रोट्रॅक्टर नावाचा छापील कागद मिळतो. त्यावर दोन ठिकाणी चौकोनी जाळी असते. टोनआर्म कमानीत फिरतो, त्यामुळे सुई खाचेशी अगदी सरळ रेषेत येते ती फक्त दोनच जागी. हेडशेलचे, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या आर्मच्या टोकाचे, दोन्ही स्क्रू थोडे सैल करा, सुई जाळीच्या बिंदूवर हलकेच ठेवा आणि कार्ट्रिजची बाजू जाळीच्या रेघांना समांतर येईपर्यंत ते मागे-पुढे, तिरकं सरकवा. दोन्ही जाळ्यांवर जमलं की स्क्रू आवळा आणि वजन पुन्हा तपासा, कारण कार्ट्रिज सरकलं की तेही बदलतं. पहिल्यांदा यात अर्धा तास सहज जातो. कार्ट्रिज पक्कं बसवलेल्या यंत्रात यातलं काहीच करावं लागत नाही.

लावण्याआधी

कोरड्या कार्बन फायबर ब्रशने, रेकॉर्ड फिरत असताना, दोन-तीन फेऱ्या धूळ गोळा करा आणि ब्रश बाहेरच्या बाजूला सरकवत उचला. जुनी प्रत असेल तर एकदा ओली स्वच्छता हवीच. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचांत सुकतात. डिस्टिल्ड वॉटर आणि रेकॉर्डसाठीचं द्रावण घ्या, खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल भिजू देऊ नका आणि रेकॉर्ड उभी ठेवून पूर्ण वाळवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरट बुरशी धरते, ती कोरडी घासली तर पसरते. तिला ओलंच काढावं लागतं. आतला कागदी स्लीव्ह जुना, वास मारणारा असेल तर फेकून द्या आणि नवा घाला. बाहेरचं कव्हर मात्र जपा. त्यावर छायाचित्रकार जिम मार्शलने टिपलेला कॅशचा घामेजलेला चेहरा आहे आणि मागे कॅशने स्वतः लिहिलेला मजकूर. त्या मजकुराला ग्रॅमी मिळालं आहे. रेकॉर्ड लावायच्या आधी तो वाचा.

दोन्ही स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण होईल असं बसा. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा, खोलीत माणूस उभा राहून गातो आहे असं वाटेल इतका.

पहिली बाजू

सुरुवातीला फक्त लोकांची कुजबुज आहे. मग कॅश आपलं नाव सांगतो : ‘हॅलो, आय ॲम जॉनी कॅश.’ आणि हॉल फुटतो. निवेदक ह्यू चेरीने कैद्यांना आधीच बजावलं होतं, की कॅश नाव सांगेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत. हे माहीत असलं तरी अंगावर काटा येतोच.

पहिलं गाणं ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’. अमेरिकन हवाई दलात, जर्मनीत असताना कॅशने या तुरुंगावरचा एक चित्रपट बघितला होता, त्यातून हे गाणं निघालं; १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन कंपनीसाठी त्याने ते पहिल्यांदा मुद्रित केलं. कान ल्यूथर पर्किन्सच्या इलेक्ट्रिक गिटारवर ठेवा. मोजके स्वर, जाड तारा, आगगाडीच्या चाकांसारखा ठेका. डब्ल्यू. एस. हॉलंडचे ड्रम आणि ग्रँटचा बास त्याच चालीत. कॅशच्या साथीदारांचा ‘टेनेसी थ्री’ हा संच म्हणजे हेच तिघे. ल्यूथर १९६८ च्याच ऑगस्टमध्ये घराला लागलेल्या आगीत गेला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती कळल्याशिवाय ही रेकॉर्ड पूर्ण कळत नाही. गाण्यातला माणूस सांगतो, की रेनो शहरात त्याने एकाला गोळी घातली, केवळ तो मरताना बघायला. या ओळीनंतर जो जल्लोष उठतो तो प्रत्यक्षात त्या वेळी झाला नव्हता. तो नंतर स्टुडिओत जोडला गेला. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर खुनाच्या ओळीला दाद द्यायला कैदी धजावले नसते, हे थोडा विचार केला की पटतं. लाइव्ह अल्बमसुद्धा कात्री लावून, जोडकाम करून बनतो. निर्माता बॉब जॉन्स्टन होता. त्या दिवशी दोन खेळ झाले, सकाळी एक आणि दुपारी एक. अल्बममधलं जवळजवळ सगळं सकाळच्या खेळातलं आहे, दुपारपर्यंत कॅश थकला होता. एवढं लक्षात घेऊनही या रेकॉर्डवरचा माझा विश्वास कमी होत नाही. जोडलेल्या जल्लोषापेक्षा न जोडलेली हसू आणि शांतता इथे कितीतरी जास्त आहेत, आणि दोन-तीनदा ऐकल्यावर फरक कानाला कळू लागतो.

‘डार्क ॲज अ डंजन’ कोळशाच्या खाणीतल्या मजुरांचं गाणं आहे, मर्ल ट्रॅव्हिसने लिहिलेलं. गंभीर गाण्यात कॅशला मध्येच हसू फुटतं. तो समोरच्यांना लटकं दटावतो आणि पुढे गात राहतो. स्टुडिओत हा टेक फेकून दिला असता.

‘ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स टू गो’ नीट बसून ऐका. फाशी जाणाऱ्या माणसाची शेवटची पंचवीस मिनिटं, एकेक करत मोजलेली, आणि तीही हसत-हसत. १८९५ ते १९३७ या काळात याच फॉल्सम तुरुंगात ९३ जणांना फाशी दिली गेली होती. ते गाणं त्या भिंतींच्या आत म्हणायला काय धाडस लागलं असेल! कैदी मोठ्याने हसतात, आणि ते हसणं या अल्बममधलं सर्वांत खरं वाटणारं आहे.

बाजूचा शेवट ‘द लाँग ब्लॅक व्हेल’ने होतो. खून न केलेला माणूस फासावर जातो, कारण त्या रात्री तो मित्राच्या बायकोजवळ होता आणि हे तो न्यायालयात सांगत नाही. ते रहस्य उलगडणाऱ्या ओळीवर हॉलमध्ये खसखस पिकते. बाहेरच्या कुठल्याही सभागृहात इथे शांतता असती.

सुई उचला, रेकॉर्ड उलटा, दोन मिनिटं तशीच जाऊ द्या. गाणी निवडून ऐकण्याचा मोह होईल. पहिल्या वेळी तरी सुई मध्ये ठेवू नका.

दुसरी बाजू

ही बाजू हळू सुरू होते. ‘सेंड अ पिक्चर ऑफ मदर’ आणि ‘द वॉल’ ही कैद्यांविषयीचीच गाणी. मग गीतकार जॅक क्लेमेंटची दोन विनोदी गाणी येतात. काही समीक्षकांना ती उगाच घातल्यासारखी वाटतात. मला नाही वाटत. गिटारवर गायलेल्या या थट्टेनेच सगळा हॉल सैलावतो.

‘जॅक्सन’मध्ये जून कार्टर येते आणि कैद्यांचा आवाज एकदम बदलतो. भांडणाऱ्या नवरा-बायकोचं हे गाणं गाताना दोघांचं लग्न व्हायचं होतं. ते त्याच वर्षी १ मार्चला झालं. ‘ग्रीन, ग्रीन ग्रास ऑफ होम’ पहिल्या दोन कडव्यांत घरी परतल्याचं गाणं वाटतं. तिसरं कडवं लक्ष देऊन ऐका. साथीला गाणाऱ्या स्टॅटलर ब्रदर्स या गटाचे मागचे सूर इथे हवे तसे उलगडत असतील तर तुमची मांडणी जमली.

आणि मग ‘ग्रेस्टोन चॅपल’. हे गाणं लिहिणारा ग्लेन शर्ली त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होता आणि त्या सकाळी पहिल्या रांगेत बसला होता. फ्लॉइड ग्रेसेट या पाद्र्याने त्याच्या गाण्याची टेप कॅशपर्यंत पोचवली. आदल्या रात्री कॅश आणि मंडळींनी सॅक्रामेंटोच्या हॉटेलात ते बसवलं, आणि शर्लीला त्याची कल्पना नव्हती. कॅश त्याचं नाव घेतो तिथे हॉलकडे कान द्या. गाणं तुरुंगातल्या करड्या दगडी प्रार्थनाघराविषयी आहे. शर्ली १९७१ मध्ये सुटला, कॅशच्या मदतीने गाऊ लागला, १९७२ मध्ये तुरुंग सुधारणांसाठी कॅशबरोबर वॉशिंग्टनला साक्षीलाही गेला. पण बाहेरचं आयुष्य त्याला पेललं नाही. १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. हे आधी कळावं की नंतर, ते तुम्ही ठरवा. मी स्वतः नव्या माणसाला हे ऐकून झाल्यावरच सांगतो, पण लेखात ती सोय नाही.

गाणं संपल्यावर लगेच उठू नका, टाळ्या आणि निवेदन अजून बाकी आहे.

ऐकून झाल्यावर

सुई उचलल्यावर रेकॉर्ड लगेच स्लीव्हमध्ये घालून उभी ठेवा. आडव्या थप्पीत ती वाकते आणि उन्हाच्या खिडकीजवळ तर महिन्याभरात लाट पडते. सुई साधारण ५०० तासांनंतर बदलायचा विचार करा, काही जास्त टिकतात. आवाज अंधुक होऊ लागला तर वाट बघू नका.

दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा इंग्रजी शब्द समोर ठेवा, पहिल्यांदा नको. तिसऱ्यांदा फक्त बास आणि गिटार ऐका. दोन्ही खेळ पूर्ण असलेला संच २००८ मध्ये निघाला, तो मूळ रेकॉर्ड अंगवळणी पडल्यावर घ्या. आधी घेतलात तर मूळ अल्बममधल्या गाण्यांच्या मांडणीची किंमत कळणार नाही. त्यानंतरची रेकॉर्ड ‘ॲट सॅन क्वेंटिन’, २४ फेब्रुवारी १९६९ ला मुद्रित झालेली. तिथे तुरुंगाच्याच नावाचं गाणं कैद्यांच्या आग्रहाखातर लागोपाठ दोनदा म्हटलेलं आहे आणि दुसऱ्या वेळी हॉल अक्षरशः पेटतो. या दोन्ही रेकॉर्ड एकाच संध्याकाळी लावू नका.